लाल ओळीतली रिकामी जागा

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे कापसाची खोली. दसऱ्यानंतर वेचा सुरू झाला की कापूस तिथं पडते, अन् होळीच्या आगंमागं गाडी भरून जाते. मधले पाच महिने त्या खोलीत पांढरं वाढत राहते. पाहुणा आला तर ओट्यावर बसते, कारण आत पाय ठेवायला जागा नसते. लहानपणापासून हेच पाहिलं. म्हणून माझ्या डोक्यात पक्कं होतं की थंडीत वाढते ते पांढरं अन् उन्हाळ्यात संपते तेही पांढरं. या एका समजुतीपायी मी माझ्या बायकोवर चार लोकांत हसलो. तेच लिहायला बसलो आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. ती तेवढीही नाही. रामाकोना गावची पोरगी, सोळाव्या वर्षी इथं आली, अन् संत्र्याची बाग, कापूस, घर सगळं सांभाळलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण खुणा करायची सवय होती. कापसाच्या खोलीत दरवाज्याच्या बाजूच्या भिंतीवर दरसाल ढीग किती उंच गेला त्याची कोळशाची रेघ ती ओढायची. कोणती रेघ कोणत्या सालची ते तिला न चुकता सांगता येत होतं. पोरगा झाला त्या सालची, विहीर आटली त्या सालची. मला नाही सांगता येत. आता कोणालाच येत नाही.

तीन वर्षांआधी नात सौंसरच्या शाळेत दहावीला होती. तिला शाळेतून एक काम मिळालं. पृथ्वीच्या वरच्या टोकाला अन् खालच्या टोकाला समुद्राचं पाणी गोठते, तो बर्फ महिन्या-महिन्याला किती पसरते अन् किती आखडते, ते मोबाईलवर पाहून वहीत उतरवायचं. वरून फिरणारी यंत्रं रोज त्याचे फोटो काढतात म्हणे. नातीनं फोटो आजीला दाखवला. गोल चित्र, मधात पांढरं, भोवती निळं. आजीनं डोळे बारीक करून पाहिलं अन् विचारलं, "एवढा कापूस कोणाच्या घरचा?"

नात हसली. मग तिनं समजावून सांगितलं. आजीला ते लय आवडलं. जमिनीवरचा नाही, समुद्राचं पाणीच थिजते, ही गोष्ट तिनं मला दोन-तीनदा येऊन सांगितली. मी बागेत पाण्याचं ओलीत करून राहिलो होतो. म्हटलं, थिजू दे, आपल्याला काय.

नात वहीत उतरवत होती. आजी म्हणाली, मला माझ्या भिंतीवर पाहिजे. मग दोघींनी कोळशाच्या रेघांच्या बाजूला पेन्सिलीनं खालून वरपर्यंत बारीक खुणा केल्या, आकड्यांच्या जागी. नातीनं सांगायचं, आजी, अमक्या खुणेवर. आजीनं बोट बुडवून तिथं टेकवायचं. वरच्या टोकाच्या बर्फाला कपड्याची नीळ, खालच्या टोकाच्या बर्फाला गेरू. तारीख तिच्या ध्यानात राहत नव्हती, पुनव राहत होती, म्हणून दर पुनवेला एक निळं बोट अन् एक लाल बोट. दोन ठिपक्यांत दोन बोटांचं अंतर.

सुरुवात कोजागिरीला केली. निळं पार खाली लागलं. लाल इतकं वर होतं की तिला पाटावर उभं राहावं लागलं. मी आटवलेल्या दुधाचा गंज घेऊन दारात उभा होतो. म्हटलं, पडशील. ती म्हणाली, पडली तर कापसावर पडीन. अन् कापूस तर तेव्हा गुडघाभरही आला नव्हता.

पुढं निळं चढत गेलं. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. इकडं ढीग चढून राहिला होता अन् तिकडं निळी बोटं. ती ढिगाच्या बाजूनं भिंतीपर्यंत एक वाट मोकळी ठेवायची, वेचणाऱ्या बायांना त्या वाटेवर एक ओंजळही टाकू देत नव्हती. होळीला निळं सगळ्यांत वर गेलं, अन् त्याच आठवड्यात आमचा कापूस गेला. मलाही तेव्हा गंमत वाटली. मी नातीला विचारलं की तो बर्फ मोजतात कसा, सगळा सलग असते का. तिनं सांगितलं, नाही आबाजी, मधामधात पाणी असते, पण थोडासाही बर्फ तरंगत असला तर ती जागा बर्फातच धरतात. म्हटलं, समजलं, आमचा पटवारीही तसंच करते. अर्धी झाडं वाळली तरी कागदावर संत्र्याची बागच लिहिते.

लाल ओळीकडं मात्र माझं ध्यान नव्हतं. ती उतरत गेली, थंडीभर उतरली. माघात ती इतकी खाली गेली की बायको खाली बसून बोट लावत होती. अन् मग चैत्रापासून लाल चढायला लागलं.

ज्येष्ठाच्या पुनवेची गोष्ट. नात अकरावीच्या भरतीचं पाहायला पांढुर्ण्याला तिच्या आत्याकडं, म्हणजे माझ्या पोरीकडं गेली होती, तर तिनं फोनवरच खुणा सांगितल्या. त्या दिवशी आमच्याकडं संत्र्याचा व्यापारी बसला होता, संगं गावातले तीन-चार जण. खोली रिकामी, म्हणून आतच सतरंजी टाकली होती. ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. बायको वडाची पूजा करून आली, अंगावर नवं लुगडं. चहा ठेवला, अन् कोपऱ्यातल्या वाटीत बोट बुडवून निळं लावलं. मग लाल लावलं, मागच्या महिन्याच्या चांगलं हातभर वर.

व्यापाऱ्यानं विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. सांगता सांगता लाल ओळ माझ्या पहिल्यांदा नजरेत भरली. चैत्रात वर, वैशाखात अजून वर, ज्येष्ठात त्याच्याही वर. मी म्हटलं, "अवं, ज्येष्ठात कुठं बर्फ वाढते काय? खोली रिकामी अन् तुझा कापूस वाढून राहिला. उलटं लावलं तू."

ती म्हणाली, "पोरीनं सांगतलं तसं लावलं."

मी म्हटलं, "पोरीनं सांगतलं बरोबर असन. तुले खालचं-वरचं समजलं नसन. अंगठेबहाद्दर बाई, अन् पृथ्वी मोजून राहिली."

सगळे हसले. मीही हसलो. मला हसणं आवडत होतं, लोकांत मी बोलका माणूस. तिनं पदराला बोट पुसलं, चहा आणून दिला, तिचा उपास होता म्हणून स्वतः घेतला नाही. उपास माझ्यासाठी होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या पुनवेला तिनं फक्त निळं लावलं. त्याच्या पुढच्यालाही निळंच. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, चूक समजली तिला. लाल ओळीत नऊ बोटं झाली अन् ती ओळ तिथंच थांबली. निळी ओळ एक वर्ष अजून चालली, खाली गेली, वर गेली, दुसरी होळी पाहिली, पुन्हा उतरायला लागली.

त्याच श्रावणात बायको गेली. सकाळची वेळ, चहा गॅसवर ठेवून ती आंगणात आली अन् तुळशीजवळ खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. सौंसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. घरी आणलं तेव्हा चहाचं भांडं गॅसवरच होतं, जळून काळं झालेलं. सुनेनं ते घासलं. मी म्हटलं फेक, ती म्हणाली नाही मामाजी, घासून निघते. निघालं नाही पूर्ण.

त्या साली दसऱ्यानंतर कापूस आला तो कसाही पडला. वाट ठेवायला सांगणारं कोणी नव्हतं. बायांनी दारापर्यंत टाकला, भिंत पूर्ण झाकली गेली. मीही त्या खोलीत जात नव्हतो. होळीला कापूस गेला, खोली झाडली, तेव्हा ती भिंत पुन्हा पाहिली. पांढऱ्यानं घासून घासून निळं फिकं झालं होतं. गेरू तसाच होता. मी खूप वेळ उभा राहिलो अन् बाहेर आलो. तेव्हा मला एवढंच वाटलं की बोटं आहेत तिची, बरं झालं.

वैशाखात नात पांढुर्ण्याहून, आत्याकडं राहून बारावीची परीक्षा देऊन घरी आली. कापसाच्या खोलीत ती भिंतीसमोर बसली होती. मी दारातून जाऊन राहिलो होतो तर तिनं हाक मारली.

"आबाजी, आजीनं लाल काऊन सोडलं होतं?"

मी म्हटलं, तुला ठाऊक. तूच तर फोनवर सांगायची.

"मी दोन्ही सांगत होती. मग आजी म्हणाली, लाल राहू दे आता, माहा हात पुरत नाही वर." ती उठली अन् भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. "पण पाहा, आषाढात लाल इथं लागलं असतं. होळीचं निळं इथंच आहे. दुसऱ्या होळीलाही तिनं इथंच लावलं. मग तेव्हा कसा पुरला हात?"

मी खाली बसलो. मी तिला म्हटलं, "हाताचं नाही ते. मी हसलो होतो तिच्यावर. उलटं लावलं म्हटलं, लोकांत."

नातीनं भिंतीवरचं बोट काढलं. मीच विचारलं, "बरोबर लावलं होतं काय तिनं?"

"बरोबर होतं आबाजी. सगळे बरोबर आहेत."

मग तिनं मला समजावलं. बागेतली गळालेली हिरवी संत्री सुपात पडली होती, सुपारीएवढी. त्यातलं एक घेऊन ती आंगणात उन्हात आली. देठाकडून थोडं कलतं धरलं. म्हणाली, पाहा, देठ उन्हाकडं झुकला तर बूड सावलीत. इकडं आपल्याकडं जेठ तापते तेव्हा खालच्या टोकाला रात्रच रात्र असते, थंडी असते, तिथं बर्फ तेव्हाच वाढते. अन् आपल्याकडं थंडी तेव्हा तिथं ऊन. वरचा बर्फ होळीला भरते अन् भादव्यात सगळ्यांत कमी होते. खालचा शिवरात्रीच्या सुमाराला सगळ्यांत कमी अन् भादवा-आश्विनात भरते. दोन घरं आहेत म्हणे, एकाचा कापूस येते तेव्हा दुसऱ्याचा जाते.

एवढं सोपं होतं. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी मी नातीला फोन लावून विचारलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. माझ्यापेक्षा जास्त माझ्या बायकोला समजत होतं, अन् ती माझ्यासमोर गप बसली. नातीजवळही तिनं माझं नाव नाही घेतलं. हात पुरत नाही म्हणाली.

मी नातीला विचारलं, वरचा बर्फ आता कमी होऊन राहिला म्हणतात, ते या भिंतीवर दिसते काय. ती म्हणाली, नाही आबाजी, भिंत लहान आहे. दोन वर्षांत नाही समजत, चाळीस-चाळीस वर्षांचं पाहतात तेव्हा दिसते. ते मला पटलं. एका बहारावरून बाग कोणी सांगत नाही. तरी चाळीस वर्षं म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. तेवढी तर आमच्या संसाराला कधीचीच होऊन गेली होती.

ज्येष्ठाची पुनव आली तेव्हा मी गेरू भिजवला. ठरवलं होतं की त्याच दिवशी लावायचं, ज्या दिवशी हसलो त्या दिवशी. नात परत पांढुर्ण्याला गेली होती, तिला फोन करून खूणही विचारून घेतली. बोट बुडवलं, भिंतीजवळ नेलं, अन् तिथंच राहिलो. ती ओळ तिची होती. माझं बोट तिथं कशाला, असं वाटलं. वाटी घंगाळात धुऊन टाकली. पाणी लाल झालं ते पाहत बसलो.

श्रावणात बरसी झाली. वर्षभर घराला रंग-चुना काही लागला नव्हता. बरसी झाल्यावर पोरगा म्हणाला, दसऱ्याला नवा कापूस यायच्या आधी पुढची खोली करून घेऊ, पुट्टी मारू अन् पांढरा रंग देऊ, ओल येऊन राहिली. त्याचं चूक नव्हतं. ओल येतच होती. मी हो म्हटलं नाही अन् नाही म्हटलं नाही. पोळा झाला, अन् भादव्यात एक दिवस सकाळी सौंसरहून पेंटर हजर. खरवडायची पत्री हातात घेऊन भिंतीसमोर उभा राहिला.

"बाबाजी, भिंत आहे का मेहंदीवालीचा हात? हे सारं खरवडावं लागन."

मी त्याला म्हटलं, पत्री खाली ठेव. बाकीच्या तीन भिंती कर, ही नाही. पोरगा बाहेरून आला. म्हणाला, बाबा, ओल तर याच भिंतीला आहे, चार ठिपक्यांसाठी काम थांबवता काय. त्याला काही ठाऊक नव्हतं. नातीनं सांगितलं नव्हतं, ती तिच्या आजीवर गेली. मग मीच सांगितलं, पेंटरच्या समोर. वडाचा उपास, चहा, मी काय म्हटलं, लोकं कसे हसले, सगळं. आवाज चढवून नाही, जसं झालं तसं. म्हटलं, पुनव चार दिवसांवर आहे. मला त्या भिंतीवर एक काम आहे. ते झाल्यावर काय करायचं ते मी सांगीन.

पोरानं भिंतीजवळ जाऊन लाल ओळ पाहिली. मग पेंटरला म्हणाला, तिकडून सुरू कर.

पुनवेच्या दिवशी दुपारी सुनेनं गेरू भिजवला अन् नीळही कालवली. मी नातीला फोन लावला. ती आता पांढुर्ण्याला कॉलेजात आहे. तिनं दोन्ही खुणा सांगितल्या. निळं पार खाली. लाल पार वर, कोजागिरीच्या त्या पहिल्या बोटाच्या जवळ-जवळ, जे बायकोनं पाटावर उभं राहून लावलं होतं. मग नात म्हणाली, "आबाजी, मधलंही सांगू काय? सगळ्या महिन्यांचं जमा राहते, मी एक एक सांगते, तुम्ही लावत जा. ओळ पुरी होऊन जाईन."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, गेलेला महिना गेला. त्या यंत्रांनी तर एकही दिवस सोडला नव्हता. मी विचार केला.

"नको," म्हटलं. "तिनं नाही लावलं ते मी कसं लावू. फक्त आजचं सांग, अन् मधात जागा किती सोडायची ते सांग."

तिनं पुनवा मोजून सांगितल्या, दोन दोन बोटांच्या हिशोबानं मी जागा सोडली. चांगली लांब झाली. निळ्या ओळीतली रिकामी जागा लहान, ती बायकोच्या जाण्याची. लाल ओळीतली मोठी. त्यातली ती जाण्याआधीची सगळी माझी.

निळं सुनेला लावायला सांगितलं. ती खाली बसून लावून आली. लाल मी बोटावर घेतलं, अन् हात वर केला तर जाईना. उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला आहे, कानाच्या वर हात उठत नाही. हात पुरत नाही, हे तिनं माझ्यासाठी खोटं म्हटलं होतं. माझं खरं निघालं. सून म्हणाली, मामाजी, द्या, मी लावते. मी म्हटलं, हे मलाच लावू दे.

पाट आणला. मी वर चढलो. तेव्हा पोरानं मागून येऊन मला कमरेला धरलं, जसं झाडावर चढवताना लेकराला धरतात. म्हणाला, "लावा बाबा. सोडत नाही मी." डाव्या हातानं उजव्याला कोपराखालून रेटा दिला अन् बोट टेकवलं. माझं बोट जाड आहे, ठिपका मोठा उमटला, थोडा वाकडाही. तिच्या पहिल्या बोटाच्या बोटभर खाली. पाटावरून उतरल्यावर मी दुरून पाहिलं. कोणतं तिचं अन् कोणतं माझं, आंधळ्यालाही कळलं असतं. मला तेच पाहिजे होतं.

पेंटरनं तीन भिंती पांढऱ्या केल्या. चौथीला ओल येते, येऊ दे. पोरगा म्हणाला की बाहेरून प्लास्टर करू, आतून हात लावणार नाही.

परवा व्यापारी आला होता, तोच. आंबिया बहाराची फळं पाहायला. बागेतून आल्यावर त्याच खोलीत बसलो. नवा रंग पाहून खूश झाला, मग चौथ्या भिंतीकडं पाहिलं. म्हणाला, भाऊ, हे अजून आहे काय. मग जवळ गेला. म्हणाला, "ही लाल ओळ मधात एवढी रिकामी काऊन?"

मी म्हटलं, "तेव्हा मी हसलो होतो. तुम्हीही हसले होते. बाई बरोबर होती."

त्यानं विचारलं नाही कशात बरोबर. मीच सांगितलं मग. सुपातलं एक गळालेलं संत्रं घेतलं, आता बागेतलं फळ मोठं झालं आहे, रंग यायचा आहे. देठाकडून कलतं धरलं अन् नातीनं सांगितलं तसं सगळं सांगितलं. एकदा चुकलो, पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. चहा थंड झाला. त्यानं ऐकून घेतलं.

कोजागिरीला अजून काही दिवस आहेत. गेरूची वाटी कोपऱ्यात झाकून ठेवली आहे. पाटही तिथंच आहे.